सांबाराचं पातेलं आणि चौदा व्होल्ट

गाडी सुरू होत नाही म्हणून माझ्याकडे आलेला माणूस पहिलं वाक्य एकच बोलायचा. "बॅटरी गेली." डॉक्टरकडे जाऊन "मला टायफॉइड झालाय" असं सांगण्यापैकी हे. बॅटरी गेली हे खरं असायचं, पण ती का गेली हा प्रश्न उरायचाच, आणि माझं सगळं आयुष्य त्या 'का'च्या मागे गेलं. जयनगरच्या बाजाराला लागून असलेल्या एका आडव्या रस्त्यावर माझं दुकान होतं. एक शटर, एक बाक, भिंतीवर टांगलेल्या वायरी. गाड्यांचं फक्त विजेचं काम. इंजिनातलं तेल कुठून गळतं ते मला विचारू नका.

आमच्या मंडळाच्या अंकात मी काय लिहिणार, असं मी संपादकीणबाईंना म्हटलं. आमची मराठी तीनचारशे वर्षं इथल्या मातीत मुरलेली, निम्मी कन्नड. त्या म्हणाल्या, "आहे तशी लिहा, अण्णा." म्हणून लिहितो. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. एका गाडीची, आणि माझ्या एका चुकीची.

आधी धंदा स्वल्प समजावून सांगतो. बंगळुरात घरोघरी जमिनीखाली पाण्याचा संप, म्हणजे हौद, असतो आणि गच्चीवर टाकी. मोटर पाणी वर चढवते, आपण नळ सोडतो. गाडीत बॅटरी म्हणजे टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे ती मोटर. इंजिन फिरतं, पट्ट्यानं अल्टरनेटर फिरतो, वीज तयार होते आणि बॅटरी भरत राहते. टाकी रिकामी दिसली तर टाकी फुटली असेल, मोटर बंद असेल, मधला पाइप तुटला असेल, नाहीतर कुठेतरी नळ उघडा राहिला असेल. शंभरातले ऐंशी लोक नवी टाकी घेऊन मोकळे होतात.

इंदिरानगरचे एक निवृत्त साहेब असेच वर्षात दोन बॅटऱ्या बदलून माझ्याकडे आले होते. गाडी दर सोमवारी बंद. मी एका रविवारी सहज त्यांच्या घरी गेलो, तर त्यांचा ड्रायव्हर गाडी पुसता पुसता गाडीच्या रेडिओवर दिवसभर क्रिकेटचं समालोचन ऐकत होता. तिसरी बॅटरी वाचली. ड्रायव्हरला मी घरातला एक जुना ट्रान्झिस्टर दिला. असल्या गोष्टींनी माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं.

तशाच दिवसांत सरोजाक्का आली.

आमच्याच लोकांतली. वय चाळिशीच्या आत, केस घट्ट बांधलेले, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. तिचा नवरा वेंकोजीराव घरी स्वयंपाक करायचा आणि ही डिझेलची एक जुनी व्हॅन चालवत ऑफिसांना दुपारचं जेवण पोचवायची. त्या काळात कोरमंगल्याला बंगल्यांमधून कंप्युटरच्या कंपन्या निघत होत्या. जेवायला जवळ काही नसायचं, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं. त्या दिवशी चार माणसांनी व्हॅन ढकलत माझ्या दारात आणली.

"बॅटरी गेली, अण्णा," ती म्हणाली.

मी सहाही सेलची झाकणं उघडली आणि हायड्रोमीटर लावला. काचेच्या नळीत आम्ल ओढायचं, आतला तरंगता काटा किती वर येतो ते पाहायचं. एकच सेल खाली असेल तर बॅटरी खराब. इथे सहाही सेल सारखे खाली होते.

"बॅटरी चांगली आहे, अक्का. उपाशी आहे."

"उपाशी? रोज पन्नास-साठ किलोमीटर पळते गाडी."

हेच तर मला कळेना. मी बॅटरी चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशी बसवली, इंजिन सुरू करून मीटर लावला. सूई चौदावर. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं की अल्टरनेटर बॅटरीला खायला घालतोय असं समजायचं. बारा दिसलं तर बॅटरी एकटीच पडली आहे. इथे चौदा, म्हणजे सगळं ठीक.

तरी मी आमच्या उस्तादांनी शिकवलेली परीक्षा केली. मी तरुणपणी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद इंजिन चालू असताना हेडलाइट लावायचे आणि बॅटरीचं एक टर्मिनल सरळ उचलून काढायचे. दिवे विझले तर डायनमो मेला, टिकले तर जिवंत; त्यांच्या काळच्या गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी डायनमो असायचा. गिऱ्हाइकासमोर हे फार छान दिसायचं. मी टर्मिनल उचललं. दिवे विझले तर नाहीतच, उलट जास्त उजळले.

"बघितलंत? बॅटरीशिवाय चालतंय. चार्जिंग उत्तम आहे."

सरोजाक्का खूश होऊन गेली. चार दिवसांनी तिचा फोन, गाडी कोरमंगल्यात बंद.

पुन्हा तेच. सेल सारखे उपाशी, मीटर चौदावर. मी फॅनबेल्ट ताणून बसवला आणि पुन्हा टर्मिनल उचलून पाहिलं. या वेळी डावा हेडलाइट एकदम पांढरा झाला आणि उडाला. जुना बल्ब असेल म्हणून मी नवा लावला, टर्मिनल जोडलं आणि गाडी देऊन टाकली. त्यानंतर मीटर पुन्हा लावून पाहिला नाही. तेवढं केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

या वेळी ती दोनच दिवसांत परत आली. चेहरा उतरलेला. ज्या कंपनीत तिचे सर्वांत जास्त डबे जायचे, तिथला मॅनेजर म्हणाला होता, "दोनदा उशीर झाला. आता एकदा झाला तर आम्ही दुसरी सोय बघू."

मी मीटर लावला. सूई बारावर अडकली, रेस केलं तरी हलेना. मी अल्टरनेटर उतरवून बाकावर उघडला. आतले डायोड जळले होते. डायोड म्हणजे विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे दरवाजे. ते गेले की अल्टरनेटर नुसता फिरतो.

"हा कुणी बसवला?"

"मुनियप्पनवरे. तीन महिने झाले. नवाच घातला म्हणाले."

मुनियप्पाचं दुकान माझ्यापासून दोन रस्ते पलीकडे. तो आणि मी एकाच उस्तादांचे शागीर्द. भांडण नव्हतं, पण जवळ जवळ दुकानं टाकल्यापासून बोलणंही फारसं राहिलं नव्हतं. मी जळका डायोड चिमटीत धरून वर केला. शेजारच्या चहाच्या गाडीवर पाच-सहा माणसं उभी होती, सगळी ओळखीची.

"नवा? तीन महिन्यांत नवा माल जळतो होय? जुन्याला रंग मारून दिलाय तुम्हाला."

मला खरोखर तसंच वाटलं होतं. पण आवाज जरा चढवूनच बोललो, तेही खरं.

सरोजाक्का तो अल्टरनेटर घेऊन तडक मुनियप्पाच्या दुकानावर गेली. तिथे ती काय काय बोलली ते तिनं नंतर स्वतःच सांगितलं. रस्त्यातली माणसं थांबून ऐकत होती म्हणे. मुनियप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुणी सांगितलं?" तिनं माझं नाव सांगितलं. तो आत गेला, खोक्यातला दुसरा कोरा अल्टरनेटर काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घेऊन जा, अम्मा. पण तोही नवाच होता."

तो मी बसवला. सूई चौदावर. खोक्यातला कोरा माल, म्हणून टर्मिनल काढून पाहायची गरज वाटली नाही. दुकानावर दोन दिवस मी छाती काढून बसलो होतो.

पाचव्या दिवशी इंदिरानगरच्या एका चढावर इंजिन दमून थांबलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही. डबे रिक्षातून पोचवले म्हणून वेळ निभावली. संध्याकाळी सरोजाक्का दुकानात आली. रागावली नाही, ओरडली नाही. बाकावर बसली.

"अण्णा, आता कुणाच्या दारात जाऊन भांडू?"

बॅटरी चांगली, अल्टरनेटर कोरा, बेल्ट ताणलेला, मीटर चौदावर. माझ्या सगळ्या परीक्षांत गाडी पास होत होती आणि रस्त्यावर नापास. मग डोक्यात आलं, माझ्या दुकानात ही गाडी नेहमी रिकामी आणि उघडी असते. रस्त्यावर ती कशी असते ते मी पाहिलेलंच नाही.

"उद्या मी तुमच्याबरोबर येतो," मी म्हणालो.

"जागा कुठाय? डब्यांमध्ये बसावं लागेल."

"बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी तिच्या घरी पोचलो. बॅटरीला दोन लांब वायरी जोडून मीटर मांडीवर घ्यायचा, असा बेत होता. गाडी रिकामी असताना इंजिन सुरू केलं. चौदा. मग वेंकोजीराव एकेक डबा आणून देऊ लागले. मागचा भाग भरला, डावी सीट निम्मी भरली, उरलेल्या निम्म्यात मी. त्या जातीच्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये असतं आणि त्यावर पत्र्याचं मोठं झाकण. शेवटी दोघा नवराबायकोनं मिळून सांबाराचं झाकणबंद पातेलं उचललं आणि त्या इंजिनच्या झाकणावर गोणपाट टाकून ठेवलं.

"इथे का?" मी विचारलं.

"मागं ठेवलं तर सांडतं. आणि इथं इंजिनवर गरम राहतं." तिनं गाडी सोडली.

मी मीटरकडे पाहिलं. सूई बारा आणि वर थोडी. मला वाटलं, गडबडीत माझीच वायर ढिली झाली. वाकून दोन्ही टोकं तपासली. घट्ट होती. सूई तिथेच.

"काय झालं अण्णा?"

"काही नाही. चालवा."

सूई बारावर आणि गाडी मजेत पळत होती. डिझेल इंजिनचा हा गुण म्हणा, लबाडी म्हणा. एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज नसते, त्यामुळे चार्जिंग बंद असलं तरी चालवणाऱ्याला काही जाणवत नाही. डॅशबोर्डवर त्यासाठी एक लाल दिवा असतो, पण या गाडीत त्याचा बल्ब कधीचाच नव्हता. पहिल्याच दिवशी तो माझ्या लक्षात आला होता आणि मी 'नंतर लावू' म्हणून सोडला होता. माझ्या अपराधांच्या यादीत तोही घाला.

कोरमंगल्याच्या पहिल्या कंपनीपाशी तिनं इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर सुरू होईल याची तिला खात्री उरली नव्हती. आतून दोन माणसं आली. त्यांना त्यांच्या भांड्यात सांबार ओतून घ्यायचं होतं. दोघांनी मिळून पातेलं उचललं.

सूई चौदावर गेली.

सांबार ओतून झालं, पातेलं परत झाकणावर आलं. सूई बारावर.

"स्वल्प थांबा," मी कन्नडमध्ये ओरडलो. "परत उचला."

"झालं आमचं ओतून."

"तरी उचला!"

त्यांनी उचललं. चौदा. "ठेवा." बारा. "उचला." तिसऱ्या खेपेला त्यांतला एक सरोजाक्काला हळूच म्हणाला, "हे आजोबा कोण?" मी तेव्हा पन्नाशीचाही नव्हतो.

"अक्का," मी म्हणालो, "तुमचं सांबार बॅटरी खातंय."

तिनं पातेल्याचं झाकण घट्ट केलं. मग घड्याळ पाहून म्हणाली, "सरी, बरं. आधी जेवणं पोचवू. सांबाराची चौकशी मग."

तिचं बरोबर होतं. आम्ही सगळी फेरी पुरी केली. पातेलं जसजसं हलकं झालं तसतशी सूई मध्येच चढायची, खड्डा आला की पडायची. परतीच्या वाटेवर रिकामं पातेलं मागे गेलं आणि सूई चौदावर स्थिर झाली. म्हणजे रोज जाताना बॅटरी रिकामी होत होती, एरवी प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्यात आणखी खर्च होत होती, आणि परतताना थोडी भरत होती. भरणं कमी, जाणं जास्त. चार दिवसांत हिशेब संपायचा.

घरी पोचल्यावर झाकण उघडलं. अल्टरनेटरला जाणारी एक बारीक वायर होती. तीच त्याला 'वीज तयार कर' असं सांगते. मुनियप्पानं ती नीट क्लिपा लावून नेली होती. पण झाकणाखालचं रबर कुजलं होतं, महिनोन्महिने पातेल्याच्या भारानं पत्रा खाली बसला होता, आणि त्याची कड नेमकी त्या वायरवर टेकत होती. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. भार नसला की दोन टोकं एकमेकांना टेकायची, भार आला की सुटायची. माझ्या दुकानात झाकण नेहमी उघडंच असायचं.

मी हातभर नवी वायर घातली, वेगळ्या वाटेनं नेली, झाकणाला जाड रबर लावलं, आणि लाल दिव्याचा बल्बही बसवला. वेंकोजीरावांनी मला जेवायला वाढलं. सांबार अप्रतिम होतं.

इतका आनंद मला धंद्यात क्वचित झाला असेल. चालत दुकानाकडे निघालो आणि निम्म्या वाटेवर पाय थांबले. ही वायर तुटली तर अल्टरनेटर काम थांबवतो, बस. त्याला इजा होत नाही. मग पहिल्या अल्टरनेटरचे डायोड कशानं जळले?

आणि मला तो पांढरा होऊन उडालेला हेडलाइट आठवला.

माझी स्वतःची एक जुनी मोटार होती. डायनमो काढून मी तिला वर्षापूर्वीच अल्टरनेटर बसवला होता. दुकानासमोर उभी करून तिचं इंजिन सुरू केलं, अल्टरनेटरवर मीटर लावला, थोडं रेस केलं आणि टर्मिनल उचललं. सूई चौदावरून उडून शेवटच्या आकड्यापलीकडच्या खिळ्यावर आपटली. मी घाईनं टर्मिनल परत टेकवलं. नंतर पाहिलं तर सूई बारावर होती आणि उठतच नव्हती. माझा अल्टरनेटर मी माझ्याच हातानं मारला होता, आणि सरोजाक्काचाही.

नंतर मी विचारून, वाचून समजून घेतलं. अल्टरनेटरला बॅटरी उशीसारखी असते, चढउतार ती झेलते. ती एकदम काढून घेतली की वीज बेफाम चढते आणि डायोड जळतात. डायनमोत डायोडच नव्हते, त्यामुळे उस्तादांच्या काळात ती परीक्षा खपून गेली. यंत्र बदललं, माझा हात बदलला नाही. किती लोकांचे अल्टरनेटर मी असे 'तपासून' घरी पाठवले असतील, कोण जाणे.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. सरोजाक्काची गाडी धावत होती, ती मला देव मानत होती, आणि गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मुनियप्पाच्या दुकानावरून मात्र जाववेना. लांबच्या रस्त्यानं घरी जायला लागलो. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून एक नवा अल्टरनेटर आणला, सरोजाक्काच्या घरी गेलो आणि तिला सगळं सांगितलं.

तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे मी त्या माणसाला उगीच बोलले."

"माझ्यामुळे."

"बोलले मी ना," ती म्हणाली. "चला."

भर दुपारी आम्ही मुनियप्पाच्या दुकानावर पोचलो. दोन रिक्षावाले, एक लॉरीवाला आणि शेजारचा पंक्चरवाला तिथे होते. आम्ही कन्नडमध्ये बोललो, इथे मराठीत लिहितो.

"मुनियप्पा, स्वल्प बाजूला ये. बोलायचंय," मी म्हटलं.

तो जागचा हलला नाही. "जे बोललास ते चहाच्या गाडीवर सगळ्यांसमोर बोललास. आता कानात कशाला सांगतोस?"

मग मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. मुनियप्पाचा माल नवा होता, तो मी जाळला, आणि खोटं त्याच्या नावावर घातलं. आवाज चढवून बोललो तेव्हा जड गेलं नव्हतं. या वेळी एकेक शब्द जड गेला. त्यानं फुकट दिलेल्याच्या बदली आणलेला अल्टरनेटर मी बाकावर ठेवला.

मुनियप्पानं फडक्याला हात पुसले. मला वाटलं आता शिव्या देईल.

"सूई कुठवर गेली?" त्यानं विचारलं.

"शेवटपर्यंत. खिळ्याला लागली."

तो आत गेला. बाकाखालून ओढत त्यानं तीन अल्टरनेटर बाहेर आणले. तिन्ही उघडलेले, तिन्हींचे डायोड काळे.

"हे सहा महिन्यांतले," तो म्हणाला. "दरवेळी मी सुट्या भागांच्या दुकानदाराला शिव्या दिल्या, हलका माल देतो म्हणून. त्यानं मला माल द्यायचं बंद केलंय." मग त्यांतला एक माझ्याकडे सरकवत म्हणाला, "मलाही उस्तादांनीच शिकवलं ना रे."

आम्ही दोघं त्या तीन अल्टरनेटरांपाशी उकिडवे बसलो. कुठला डायोड आधी गेला असेल, टर्मिनल न काढता नेमकी परीक्षा कशी घ्यायची, यावर तासभर बोललो. गिऱ्हाइकं खोळंबली. इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी तो त्या दुकानदाराकडे गेला, आणि मी माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला घेतले. काहींनी हसून सोडून दिलं, दोघे परत आले नाहीत.

सरोजाक्कानं त्या दुपारी मुनियप्पाला हात जोडले. पुढच्या महिन्यात तिच्या गाडीचा स्टार्टर कुरकुरायला लागला, तेव्हा ती गाडी घेऊन माझ्याकडे आली नाही. मुनियप्पाकडे गेली. मी मनात थोडा खट्टू झालो. बाजारात भेटली तेव्हा न राहवून विचारलं, "अक्का, माझ्यावर राग आहे?"

"नाही, अण्णा. गाडीत काय बिघडलंय ते तुम्हीच शोधलंत, मी कशी विसरेन? पण मी त्यांच्या दारात उभी राहून ओरडले होते. माझी माफी ऐकायला तेव्हाची सगळी माणसं कुठे होती? आता माझी गाडी त्यांच्या दारात उभी दिसायला पाहिजे. रस्त्यातल्या सगळ्यांना."

मी घरी जायचा रस्ता पुन्हा जुनाच धरला होता. पुढे कित्येक वर्षं, तिनं ती गाडी विकेपर्यंत, मुनियप्पाच्या दुकानावरून जाताना ती व्हॅन अधूनमधून तिथे उभी दिसायची, तोंड रस्त्याकडे करून. काम असो नसो.